कामावरून कमी झालेल्या कामगारांना विनामूल्य विधी साहाय्य

कारखान्याच्या फाटकावर सकाळी एक सूचना लागलेली असते. पहिल्या पाळीचे कामगार ती वाचतात, ज्यांना वाचता येत नाही ते शेजाऱ्याला विचारतात, आणि दुपारपासून एकेकाला कार्यालयात बोलावून कागदावर सही घेण्यास सुरुवात होते. हा कागद बहुधा इंग्रजीत असतो व त्यात दोन वाक्ये महत्त्वाची असतात. पहिले असे की, आपण स्वखुशीने राजीनामा देत आहोत. दुसरे असे की, आपला पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला असून यापुढे आपली कोणतीही मागणी उरलेली नाही. सही झाली की हातात धनादेश पडतो. घरी गेल्यावर शाळेत जाणारा मुलगा तो कागद वाचून दाखवतो, तेव्हा कुठे आपण कशावर सही केली हे बापाला कळते.

प्रसिद्धीच्या कामानिमित्त डिचोली, सत्तरी, फोंडा आणि धारबांदोडा या तालुक्यांतील गावांत जाण्याचे प्रसंग येतात. तेथील मेळाव्यांत कामगारांकडून हमखास येणारा प्रश्न असा की, "सही तर केली, आता काही होईल का?" पुष्कळदा काहीतरी होऊ शकते, आणि ते कसे, याचा विचार पुढे केला आहे. परंतु या कामगाराला सही करण्यापूर्वीच वकिलाचा सल्ला घेता आला असता, त्या सल्ल्यासाठी त्याला एक पैसाही खर्च आला नसता, आणि हा त्याचा कायदेशीर हक्क होता, ही गोष्ट प्रश्न विचारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

हक्काचे मूळ

भारताच्या संविधानातील ४१ व्या अनुच्छेदात, राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत बेकारीच्या प्रसंगी नागरिकांना साहाय्य मिळवून द्यावे, असे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने त्यात ३९-अ या अनुच्छेदाची भर पडली. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी राज्याने विनामूल्य विधी साहाय्याची व्यवस्था करावी, असे तो अनुच्छेद म्हणतो. पुढे १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीला मिळावयाच्या विधी साहाय्याची सांगड जीविताच्या मूलभूत हक्काशी घातली. या विचाराला कायद्याचे रूप १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने दिले आणि तो अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवरील विधी सेवा प्राधिकरणे आणि तालुका विधी सेवा समित्या या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या आहेत.

अधिनियमाच्या १२ व्या कलमात विनामूल्य साहाय्यास कोण पात्र आहे, हे सांगितले आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके, अपंग व्यक्ती, वेठबिगारीचे बळी, आपत्तिग्रस्त, कोठडीतील व्यक्ती हे वर्ग त्यात येतात. याच यादीत 'औद्योगिक कामगार' असा एक स्वतंत्र वर्ग आहे आणि त्याच्यापुढे उत्पन्नाची कोणतीही अट घातलेली नाही. उत्पन्नाची मर्यादा लागू होते ती यादीतील शेवटच्या वर्गाला, म्हणजे इतर कोणत्याच वर्गात न बसणाऱ्या अर्जदाराला. विधी साहाय्य हे केवळ दारिद्र्यरेषेखालील लोकांसाठी असते, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की, कामगार उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कचेरीत खेटे घालतो आणि त्यात मोलाचे दिवस गमावतो. औद्योगिक कामगाराला त्या दाखल्याची गरज नाही. पर्यवेक्षक म्हणून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा कामगार या व्याख्येत समावेश होतो की नाही, असा वाद निघू शकतो. तथापि कर्मचारी जर स्त्री असेल, तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण स्त्रिया उत्पन्न न पाहता पात्र आहेत.

हे साहाय्य म्हणजे केवळ न्यायालयात उभा राहणारा वकील नव्हे. सल्ला, अर्ज व दाव्याचा मसुदा, न्यायालयीन शुल्क, समन्स बजावण्याचा खर्च, कागदपत्रांच्या नकला व भाषांतरे, हा सारा भार प्राधिकरण उचलते. इंग्रजी कागदावर सही मागितली जाणाऱ्या कामगाराला यांतील सर्वांत उपयोगी वस्तू कदाचित भाषांतर हीच असावी.

किती येणे असते?

आपल्या देशात काम गमावलेल्या प्रत्येकाला सरसकट बेकार भत्ता मिळत नाही. कामगाराच्या हाती पडते ते निरनिराळ्या कायद्यांखाली, निरनिराळ्या कार्यालयांतून आणि निरनिराळ्या मुदतींत. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्याने जुन्या कायद्यांची नावे बदलली आहेत. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ची जागा औद्योगिक संबंध संहितेने, आणि उपदान प्रदान अधिनियम, १९७२ ची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्या तारखेपूर्वी ज्यांचे काम गेले, त्यांचे जुन्या कायद्याखालील हक्क संहिता आल्या म्हणून बुडालेले नाहीत.

उदाहरणादाखल असे समजू की, एका कामगाराने कारखान्यात १२ वर्षे ७ महिने सलग नोकरी केली आहे, त्याचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून दरमहा १५,६०० रुपये होतात, आणि काम कमी झाल्याच्या कारणाने मालकाने त्याची कपात केली आहे. सहा महिन्यांहून अधिकचा काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने हिशेबासाठी त्याची नोकरी १३ वर्षांची होते.

उपदान, ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, दर वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाइतके असते. मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणावयाचे, असे कायदाच सांगतो. म्हणजे वर्षाला ९,००० रुपये आणि १३ वर्षांचे १,१७,००० रुपये. कपातीची भरपाई ही याहून वेगळी. तीही दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी असते, पण मासिक वेतनदाराच्या बाबतीत ती अर्ध्या महिन्याच्या पगाराइतकी धरली जाते. म्हणजे ७,८०० गुणिले १३, एकूण १,०१,४०० रुपये. एक महिन्याची नोटीस दिली नसेल, तर त्याबद्दलचे १५,६०० रुपये निराळे. शिवाय नव्या संहितेने पुनर्कौशल्य निधी निर्माण केला असून, कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात शेवटच्या वेतनाच्या दराने १५ दिवसांची रक्कम ४५ दिवसांच्या आत जमा व्हावयाची आहे. ती येथे ७,८०० रुपये होते. या चार रकमांची बेरीज २,४१,८०० रुपये. राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करण्याचे बंधन वेतन संहितेत आहे. तो या बेरजेत धरलेला नाही. भविष्य निर्वाह निधी तर कामगाराच्या स्वतःच्याच खात्यातला पैसा. तोही येथे मोजलेला नाही.

आता आरंभी सांगितलेल्या राजीनाम्याचा अर्थ लक्षात येईल. कामगाराने स्वखुशीने राजीनामा दिला असे कागदोपत्री ठरले, तर ती कपात राहत नाही. मग भरपाई, नोटीशीचा पगार आणि पुनर्कौशल्य निधी या तिन्ही रकमा, म्हणजे आपल्या उदाहरणातील १,२४,८०० रुपये, एका सहीने हातच्या जातात. उपदान मात्र राजीनाम्यानंतरही मिळते. पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर तो हक्क प्राप्त होतो आणि करार लिहून घेऊन मालकाला तो काढून घेता येत नाही. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला तर नव्या संहितेनुसार एका वर्षाच्या नोकरीनंतरच मुदतीच्या प्रमाणात उपदान मिळते. वेर्णा, कुंडई, होंडा येथील वसाहतींत मुदतीच्या नेमणुका पुष्कळ आहेत. त्या कामगारांनी ही तरतूद विशेष लक्षात ठेवावी.

सही आधीच झाली असेल तर काय? राजीनामा दबावाखाली किंवा मजकूर न समजता घेतला गेला, असे सिद्ध करता येते. परंतु ते सिद्ध करण्याचा भार कामगारावर पडतो, आणि जितका उशीर तितका तो जड होतो. सहकाऱ्यांकडूनही त्याच दिवशी तसल्याच मजकुराचे राजीनामे घेतले गेले असतील, तर तो मोठा पुरावा ठरतो. चाळीस माणसांना एकाच दुपारी स्वखुशीने घरी बसण्याची इच्छा झाली, हे कोणत्याही न्यायासनाला सहजासहजी पटणारे नाही. ज्यांच्यापुढे कागद अजून यावयाचा आहे, त्यांनी प्रत मागून घ्यावी, वाचण्यास एक दिवस मागावा, आणि पैशाची निकड असल्यामुळे रक्कम घ्यावीच लागली, तर सहीच्या वर "रक्कम आक्षेपासह स्वीकारली" असे मराठीत स्वतःच्या हाताने लिहून तारीख घालावी.

राज्य कामगार विमा योजनेखालील विमाधारकांना आणखी एक आधार आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारीच्या काळासाठी, आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत रोख साहाय्याची तरतूद करण्यात आली. आरंभी ते सरासरी कमाईच्या चौथ्या हिश्शाइतके होते. २०२० मध्ये ते निम्म्यावर नेण्यात आले. ही योजना ठरावीक कालावधीसाठी असते आणि तिला वेळोवेळी मुदतवाढ दिली गेली आहे, म्हणून काम गेल्याबरोबर आपल्या विमा शाखा कार्यालयात ती त्या दिवशी लागू आहे किंवा कसे याची चौकशी करावी. कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीने बेकार झालेल्यांसाठी २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही सुरू झाली होती. तिचीही त्याच वेळी विचारणा करावी. मागणी फेटाळली गेल्यास कारण लेखी मागावे. तोंडी नकार घेऊन आलेल्या कामगाराला वकीलही फारशी मदत करू शकत नाही.

चुकीचे दार

गोव्यात या विषयाला खाणींमुळे एक विशेष पदर आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत मार्ग मोकळा झाला. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून खनिजाचे उत्खनन पुन्हा थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या पट्ट्यातील ज्या घरांची चूल खाणीवर पेटत होती, त्यांना 'खाण अवलंबित' हे नाव या काळात चिकटले.

त्या घरांतील सर्वांची कायदेशीर स्थिती मात्र सारखी नव्हती. खाण कंपनीच्या पटावरील कामगाराला कपातीची भरपाई व उपदान मागता येत होते. ट्रकमालक हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नव्हे. त्याला या कायद्यांतून काही मिळण्यासारखे नव्हते, पण उत्पन्न मर्यादेत बसत असल्यास बँकेच्या वसुलीविरुद्ध दाद मागण्यासाठी तोही विधी साहाय्यास पात्र होता. त्याच ट्रकवरील पगारी चालक मात्र ट्रकमालकाचा कामगार होता. शिवाय तेव्हाच्या राज्य कामगार विमा अधिनियमातील कारखान्याच्या व्याख्येत खाणी येत नसल्याने खाणीवरील कामगाराला त्या योजनेचा आधार नव्हता.

दाराची चूक होते ती येथेच. कारखान्यातील वाद राज्याच्या कामगार आयुक्तांकडे जातो. खाणीच्या बाबतीत समुचित शासन म्हणजे केंद्र शासन असल्याने तेथील कामगाराने वास्को येथील केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावयाचे असते. आपला अर्ज दोन वर्षे पणजीत पडून आहे असे सांगणारा खाण कामगार भेटतो, तेव्हा त्याला ऐकवायला काही उरत नाही. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने त्याच दिवशी "हे आमच्याकडचे नव्हे" असे लिहून दिले असते, तर पुष्कळ काम झाले असते. प्रस्तुत अंक वाचणाऱ्या अधिकारी बंधूंनी एवढ्या एका वाक्याचे मोल ध्यानात घ्यावे.

मुदतीचा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. जुन्या कायद्यात कामावरून काढल्यानंतर व्यक्तिगत वाद न्यायाधिकरणापुढे नेण्यास तीन वर्षांची मर्यादा होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार वाद उत्पन्न झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकाऱ्याला त्यावर कार्यवाही करता येत नाही. समेट न झाल्यास त्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो. "कंपनी पुन्हा सुरू होईल" या आशेवर गावात थांबून राहण्याची जी आपली रीत आहे, ती या मुदतींपुढे महाग पडते.

वकील कोठे चालतो, कोठे नाही

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण तिच्यावाचून पुष्कळांची निराशा होते. समेट अधिकाऱ्यापुढील कार्यवाहीत कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत बाजू मांडता येत नाही. न्यायाधिकरणापुढेही दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी असल्याशिवाय वकील उभा राहू शकत नाही. पैसेवाल्या मालकापुढे कामगार दुबळा पडू नये, हा त्यामागील हेतू. मग विधी साहाय्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. समेटाच्या खोलीत वकील जात नसला, तरी तेथे ठेवलेला अर्ज त्याने लिहिलेला असू शकतो, आणि सारी मदार बहुधा त्या अर्जावरच असते. नोकरीला लागल्याची तारीख, सलग नोकरीचा हिशेब, एका वर्षात २४० दिवस भरले की नाही, कनिष्ठ कामगाराला ठेवून ज्येष्ठाला काढले का, या गोष्टी पहिल्याच अर्जात आल्या नाहीत, तर पुढे त्या सांगताना कामगार मागाहून सुचलेले बोलतो असे दिसते. संघटनेचा पदाधिकारी बरोबर नेता येतो. न्यायाधिकरणापुढे कंपनी वकील आणू इच्छित असेल, तर त्याला आक्षेप घ्यावा किंवा संमती देऊन आपल्यालाही प्राधिकरणाचा वकील मागावा. यांपैकी कोणता मार्ग बरा, हे वकिलाशी बोलूनच ठरवावे.

कंत्राटी कामगारांविषयी थोडेसे. आपल्या वसाहतींत कर्नाटक, ओडिशा, झारखंड येथून आलेले हजारो हात कंत्राटदारामार्फत राबतात. कंत्राटदार नाहीसा झाला म्हणजे पगारही नाहीसा झाला असे ते समजतात. वस्तुतः कंत्राटदाराने बुडवलेले वेतन देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. विधी साहाय्यासाठी गोव्याचा रहिवासी असण्याची अट कलम १२ मध्ये नाही.

अर्ज कसा करावा?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समितीचे कार्यालय असते. अर्ज साध्या कागदावर चालतो. लिहिता न येणाऱ्याचे म्हणणे तेथील कर्मचाऱ्याने ऐकून लिहून घ्यावयाचे व त्यावर अंगठा घ्यावयाचा, असा नियम आहे. १९८७ च्या राजभाषा अधिनियमाने कोकणी ही गोव्याची राजभाषा असून शासकीय प्रयोजनांसाठी मराठीच्या वापरासही मान्यता आहे. तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. अर्ज फेटाळला गेल्यास प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते.

"फुकटचा वकील मन लावून काम करील का?" ही शंका मेळाव्यांत उघडपणे विचारली जाते आणि ती झटकून टाकणे योग्य होणार नाही. नामिकेवरील वकिलांना प्राधिकरणाकडून मिळणारे मानधन बेताचे असते. काही वकील तारखेला येत नाहीत, ही तक्रार निराधार नाही. पण त्यावर उपाय आहे. नेमलेल्या वकिलाला अर्जदाराकडून कोणतीही रक्कम घेता येत नाही. त्याने मागितल्यास किंवा कामात हयगय केल्यास प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागता येतो. याच नामिकेवर तळमळीने काम करणारे तरुण वकीलही आहेत, हेही तितकेच खरे. त्यांची मुख्य तक्रार असते ती अशी की, पक्षकार शेवटच्या आठवड्यात आणि रिकाम्या हाताने येतो.

म्हणून कागदांविषयी. नेमणुकीचे पत्र, ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, पगार जमा होणाऱ्या बँक खात्याचे पुस्तक, भविष्य निर्वाह निधीचा व विम्याचा क्रमांक, फाटकावरील सूचनेचे छायाचित्र, यांपैकी जे असेल ते न्यावे. नेमणुकीचे पत्रच दिले नसेल, तर बँकेच्या पुस्तकातील दरमहाच्या नोंदी आणि निधीची वर्गणी यांवरून नोकरी सिद्ध करता येते. काहीच नसेल तरीही जावे, आणि बरोबर काम करणाऱ्या दोघांची नावे सांगावीत.

गावातील शिक्षक, पंचायत सचिव आणि तलाठी यांच्याकडे असे कागद वाचून घेण्यासाठी लोक येतातच. त्यांनी मजकूर वाचून दाखवताना त्यावरील तारीख आवर्जून पाहावी, ती वर्षभरापूर्वीची असेल तर त्या माणसाला त्याच आठवड्यात तालुका समितीकडे पाठवावे, आणि जाणे शक्य नसल्यास राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर आपल्यासमोर बोलणे करून द्यावे.